सॉफ्टवेअरमधली माणसं: जेराल्ड वाइनबर्ग

१९७१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात एका विद्यापीठाच्या संगणक केंद्राची हकीकत आहे. त्या काळी विद्यार्थी आपले प्रोग्रॅम पंच कार्डांच्या गठ्ठ्यावर उतरवून यंत्राकडे सोपवत आणि निकालाचे छापील कागद हाती येईपर्यंत एका मोठ्या खोलीत वाट पाहत बसत. खोलीच्या एका कोपऱ्यात नाणं टाकून खाण्यापिण्याचे जिन्नस घ्यायची यंत्रं होती. जवळच अडचणी सोडवून देणारे सल्लागार बसत. यंत्रांभोवती नेहमी घोळका असे, गप्पा आणि हसणं-खिदळणं चालू असे. काहींना तो गोंगाट सोसेना. त्यांनी तक्रार केली. केंद्राच्या व्यवस्थापकानं येऊन पाहिलं, त्यालाही ते खटकलं आणि त्यानं ती यंत्रं हलवली.

खोली शांत झाली. पण थोड्याच दिवसांत दुसरी तक्रार आली. सल्लागारांपुढे लांब रांगा लागत होत्या आणि ते पुरे पडत नव्हते. शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. यंत्राभोवती उभे राहणारे विद्यार्थी एकमेकांचे कागद पाहत असत, माझंही परवा असंच झालं होतं म्हणून सांगत असत. साध्या अडचणींपैकी बहुतेक तिथेच सुटत, अवघड तेवढ्या सल्लागारापर्यंत जात. घोळका पांगल्यावर प्रत्येक लहानसहान अडचण सल्लागारापुढे येऊन उभी राहिली. व्यवस्थापकानं गोंगाट ऐकला होता, पण त्या गोंगाटात चाललेलं काम त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

पुस्तकाचं नाव ‘द सायकॉलॉजी ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’, आणि लेखकाचं जेराल्ड वाइनबर्ग. मित्र आणि विद्यार्थी त्याला जेरी म्हणत. त्यानं प्रोग्रॅम लिहिले, अंतराळ मोहिमेच्या सॉफ्टवेअरवर काम केलं, विद्यापीठात शिकवलं, कंपन्यांना सल्ला दिला आणि चाळीसहून अधिक पुस्तकं लिहिली. पण या सगळ्या कामांत तो एकाच गोष्टीचा पाठलाग करत होता. सॉफ्टवेअर बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा माणसांच्या एकमेकांशी वागण्यात काहीतरी बिघडलेलं असतं, हे त्यानं पुन्हा पुन्हा पाहिलं आणि सांगितलं. हा विचार आज ओळखीचा वाटतो. तो मांडला गेला तेव्हा संगणकाच्या पुस्तकांत माणूस जवळजवळ नव्हताच.

भौतिकशास्त्राकडून संगणकाकडे

वाइनबर्गचा जन्म २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शिकागोत झाला. नेब्रास्का विद्यापीठातून तो पदवीधर झाला आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे त्यानं भौतिकशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. संगणकशास्त्र नावाचा विभाग तेव्हा विद्यापीठांत जवळपास नव्हता. ज्यांना या यंत्रांची ओढ होती ते गणितातून, भौतिकशास्त्रातून, अभियांत्रिकीतून तिकडे वळत. वाइनबर्ग १९५६ साली आयबीएममध्ये दाखल झाला. पुढे १९६५ साली त्यानं मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, तीही संज्ञापन विज्ञान या विषयात. माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे कशी पोचते, वाटेत ती कशी बदलते, हा त्या विषयाचा गाभा होता. पुढे त्यानं जे केलं त्याची बीजं या निवडीत दिसतात.

आयबीएममध्ये त्याच्या वाट्याला आलेलं सर्वांत मोठं काम म्हणजे मर्क्युरी प्रकल्प. माणसाला अवकाशात पाठवून सुखरूप परत आणण्याची ही अमेरिकेची पहिली मोहीम. यानाचा मार्ग मोजणारी केंद्रं जगभर पसरलेली होती. त्यांच्याकडून येणारी माहिती मेरीलँडमधल्या गोडार्ड केंद्रातल्या आयबीएम ७०९० संगणकांकडे जाई आणि यान कुठे आहे, कुठे उतरेल याचं गणित तिथल्या तिथे मांडलं जाई. या कामासाठी लागणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या विकासाची जबाबदारी वाइनबर्गवर होती. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेननं पृथ्वीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. आकडेमोड चुकली तर एका माणसाचा जीव जाऊ शकतो, हे ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

जोखीम एवढी मोठी असल्यानं कामाची रीतही वेगळी ठेवावी लागली. सॉफ्टवेअर एकदम सगळं लिहून मग तपासायचं, असं इथे केलं नाही. ते अगदी लहान तुकड्यांत वाढवलं गेलं. एकेक फेरी अर्ध्या दिवसाची असे. प्रत्येक तुकडा लिहिण्याआधी त्याच्या चाचण्या ठरवल्या आणि लिहिल्या जात. प्रत्येक बदल दुसऱ्या कुणीतरी डोळ्यांखालून घातलेला असे. वाइनबर्गच्या आठवणीनुसार, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांहून वेगळा, केवळ तपासणी करणारा गट आयबीएममध्ये याच कामासाठी उभा राहिला. चार दशकांनंतर, २००१ साली, काही अनुभवी प्रोग्रॅमर एकत्र आले आणि त्यांनी ‘अजाइल’ या नावाखाली आपली तत्त्वं जाहीर केली. लहान फेऱ्या आणि आधी चाचण्या या त्या पिढीच्या आवडत्या रीती. मर्क्युरीच्या माणसांनी त्या नाव न देताच वापरल्या होत्या.

याच काळात वाइनबर्गमधला लेखक जागा झाला. १९६१ साली हर्बर्ट लीड्स या सहकाऱ्याबरोबर त्यानं प्रोग्रॅमिंगच्या मूलतत्त्वांवर पुस्तक लिहिलं. प्रोग्रॅमची तपासणी कशी करावी याला त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. त्या काळच्या पुस्तकांत हे दुर्मीळ होतं. त्याच सुमारास तो शिकवूही लागला. न्यूयॉर्कमधल्या आयबीएमच्या सिस्टिम्स रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये त्यानं अध्यापन केलं आणि नंतर बिंगहॅम्टनच्या राज्य विद्यापीठात तो प्राध्यापक झाला.

माझा प्रोग्रॅम, माझी चूक

१९७१च्या पुस्तकातली सर्वांत गाजलेली कल्पना म्हणजे अहंकारविरहित प्रोग्रॅमिंग. ती कुठून आली हे समजून घेण्यासारखं आहे.

मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यानं १९५०च्या दशकात एक सिद्धांत मांडला होता. आपल्या मनात दोन विसंगत समजुती एकाच वेळी आल्या की आपण अस्वस्थ होतो आणि ती विसंगती मिटवण्यासाठी समोरचा पुरावाच वेगळ्या नजरेनं पाहू लागतो. वाइनबर्गनं हा विचार प्रोग्रॅमरला लावला. मी हुशार आहे, हा प्रोग्रॅम मी लिहिला आहे, म्हणजे तो चांगलाच असणार. ज्याच्या मनात ही साखळी घट्ट आहे त्याला स्वतःच्या प्रोग्रॅममधली चूक दिसतच नाही. तो खोटं बोलत नसतो. ती न दिसण्याची व्यवस्था त्याच्या मनानं आधीच केलेली असते. प्रोग्रॅममध्ये चूक सापडणं म्हणजे माझ्यात खोट सापडणं, असं समीकरण त्याच्या मनात झालेलं असतं.

यावर इच्छाशक्तीचा उपाय वाइनबर्गनं सुचवला नाही. नम्र व्हा, असा उपदेश करून कुणी नम्र होत नाही. त्यानं कामाची रचना बदलायला सांगितलं. प्रत्येक प्रोग्रॅम दुसऱ्यानं वाचायचा, हे गृहीतच धरायचं. चूक सापडली तर ती सगळ्यांच्या कामाची गोष्ट मानायची. प्रोग्रॅम कुणा एकाचा नसतो, गटाचा असतो. असं वातावरण असलेल्या एका गटातला प्रसंग त्यानं नोंदवला आहे. एका प्रोग्रॅमरनं आपला छोटासा प्रोग्रॅम सहकारी स्त्रीला तपासायला दिला. अवघ्या १३ विधानांत तिला १७ चुका सापडल्या. तो खजील होऊन गप्प बसला नाही. एवढ्याशा जागेत एवढ्या चुका केल्याची गंमत तो दिवसभर सगळ्यांना सांगत फिरला. त्याच पुस्तकात जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाचाही उल्लेख आहे. आपण किती वाईट प्रोग्रॅमर आहोत हे फॉन नॉयमन उघडपणे सांगत आणि आपले प्रोग्रॅम इतरांपुढे ठेवून चुका शोधायला लावत.

अहंकारविरहित या शब्दाचा पुढे बराच विपर्यास झाला. ज्याला स्वतःचं मत नाही, जो सगळ्यांच्या हो ला हो म्हणतो असा प्रोग्रॅमर वाइनबर्गला हवा आहे, असं काहींनी मानलं. त्याचं म्हणणं तसं नव्हतं. आपल्या कसबाचा अभिमान त्याला मान्य होता. पण तो अभिमान लिहिलेल्या ओळींना चिकटून राहिला तर त्या ओळी सुधारता येत नाहीत. अभिमान उत्तम काम घडवण्याचा असावा, आणि त्या कामातली चूक मित्रानं दाखवली तर त्यालाही तो पुरून उरावा, एवढंच त्याला सांगायचं होतं.

या विचाराला नंतर अनेक अंगांनी पुष्टी मिळाली. आयबीएमच्याच मायकेल फेगन यानं १९७६ साली प्रोग्रॅमच्या पद्धतशीर तपासणीची रीत मांडली. वाइनबर्गनं डॅनियल फ्रीडमनबरोबर अशा तपासणी-बैठका कशा घ्याव्यात याची सविस्तर पुस्तिका लिहिली. बैठकीत कोण बोलेल, नोंद कोण ठेवेल, चर्चा माणसावर न घसरता कामावर कशी राहील, इथपर्यंतचा तपशील त्यात आहे. आज पुण्यातल्या हिंजवडीत किंवा मुंबईत बसलेला तरुण अभियंता आपला बदल मुख्य प्रोग्रॅममध्ये मिसळण्याआधी सहकाऱ्याकडे ‘रिव्ह्यू’ला पाठवतो. हा नेम त्याला कंपनीचा नियम वाटतो. त्यामागे माणसाच्या मनाचा केवढा विचार आहे, हे त्याला क्वचितच कुणी सांगितलेलं असतं.

तुम्ही जे मागाल ते मिळेल

वाइनबर्ग केवळ किस्से सांगून थांबला नाही. एडवर्ड शुलमन या सहकाऱ्याबरोबर त्यानं एक प्रयोग केला आणि तो १९७४ साली प्रसिद्ध झाला. पाच गटांना एकच प्रोग्रॅम लिहायला दिला. फक्त प्रत्येक गटाला वेगळं उद्दिष्ट सांगितलं. एका गटानं संगणकाची कमीत कमी स्मृती वापरायची होती, दुसऱ्यानं निकाल वाचायला सोपा ठेवायचा होता, तिसऱ्यानं प्रोग्रॅमच वाचायला सोपा ठेवायचा होता, चौथ्यानं कमीत कमी विधानांत तो बसवायचा होता, आणि पाचव्यानं तो कमीत कमी वेळात लिहायचा होता.

पाचांपैकी चार गट आपापल्या उद्दिष्टात पहिले आले. उरलेला एक दुसरा आला. सगळ्याच बाबतींत सरस ठरेल असा गट एकही निघाला नाही. प्रोग्रॅमर कमी पडतात अशी तक्रार करणाऱ्या व्यवस्थापकांसाठी हा निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. माणसांकडे ज्याची मागणी स्पष्टपणे केली जाते ते ती देतात. जे सांगितलंच नाही त्याची किंमत मोजून देतात. प्रोग्रॅम लवकर हवा एवढंच सांगितलं आणि पुढे तो कुणालाच वाचता येईना, तर दोष केवळ लिहिणाऱ्याचा नसतो.

याच धाग्यावरून वाइनबर्ग गुणवत्तेच्या प्रश्नाकडे वळला. सॉफ्टवेअर चांगलं म्हणजे काय? कमी चुका, अधिक वेग, देखणं रूप, अशी उत्तरं नेहमी दिली जातात. वाइनबर्गच्या मते गुणवत्ता ही नेहमी कुणातरी माणसाच्या दृष्टीनं असलेली किंमत असते. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा की कोणत्या माणसाच्या दृष्टीनं? बँकेच्या रोखपालाला, हिशेबनिसाला, संचालकाला आणि खातेदाराला एकाच सॉफ्टवेअरमधून वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. यांतल्या कुणाचं म्हणणं मोलाचं धरायचं, हा निर्णय कुणीतरी घेतच असतो. बऱ्याचदा तो न बोलता घेतला जातो. तो उघडपणे घ्यावा, असा वाइनबर्गचा आग्रह होता. १९९०च्या दशकात त्यानं सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेच्या व्यवस्थापनावर चार खंड लिहिले. त्यांचा पाया हाच आहे.

सल्लागाराचा धर्म

विद्यापीठाच्या चौकटीत वाइनबर्ग फार काळ रमला नाही. त्याची बायको दानी ही मानववंशशास्त्रज्ञ होती. स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्याचा तिनं अभ्यास केला होता आणि त्यावरचं तिचं पुस्तक १९७५ साली आलं. अनोळखी गावात जाऊन राहायचं, लोक काय म्हणतात याबरोबर काय करतात तेही पाहायचं आणि लगेच मत बनवायचं नाही, ही तिच्या विद्येची शिस्त. सल्लागार म्हणून कंपनीत शिरणाऱ्या वाइनबर्गची रीतही पुष्कळशी अशीच होती. दोघांनी मिळून पुढे सल्ला आणि प्रशिक्षणाचं काम केलं.

या अनुभवाचं सार १९८५ सालच्या ‘द सीक्रेट्स ऑफ कन्सल्टिंग’ या पुस्तकात आलं. सल्लागाराच्या पेशावर इतकं सरळ आणि उपयोगी पुस्तक क्वचितच लिहिलं गेलं असेल. त्यातले काही विचार पाहू.

कंपनी सल्लागाराला बोलावते तेव्हा बहुतेक वेळा तांत्रिक अडचण सांगते. संगणक मंद चालतो, प्रोग्रॅम वेळेवर होत नाही. वाइनबर्गचा अनुभव असा की खणत गेलं की तळाशी माणसांचा प्रश्न सापडतो. दोन विभागप्रमुख एकमेकांशी बोलत नसतात. वाईट बातमी वर पोचवणाऱ्याला शिक्षा होत असते, म्हणून ती पोचतच नसते. एखाद्याला काम झेपत नाही, पण ते कबूल करायची सोय नसते.

दुसरं, मोठं आश्वासन देऊ नये. दहा टक्क्यांपेक्षा अधिक सुधारणेचं वचन सल्लागारानं देऊ नये, असं तो सांगे. त्यामागचं कारण मर्मावर बोट ठेवणारं आहे. मी तुमचं काम दुपटीनं सुधारतो असं म्हणणं म्हणजे इतकी वर्षं तुम्ही अर्धंच काम करत होता असं तोंडावर सांगणं. कोणताही व्यवस्थापक ते मनापासून स्वीकारणार नाही, आणि ज्यानं स्वीकारलं नाही तो बदलणारही नाही. समोरच्याचा मान राखून त्याला सुधारू देणं, हे सल्लागाराचं खरं कसब आहे.

तिसरं, एक प्रश्न सुटला की दुसऱ्या क्रमांकावरचा प्रश्न पहिल्या क्रमांकावर येतो. म्हणून सगळे प्रश्न संपतील अशी आशा सल्लागारानं दाखवू नये आणि स्वतःही धरू नये.

चौथं, पैशाचं. दर असा सांगावा की काम मिळालं तरी पस्तावा नको आणि नाही मिळालं तरी नको. एकाच ग्राहकावर आपला चौथ्या हिश्श्याहून अधिक धंदा अवलंबून राहता कामा नये, नाही तर त्याला नाही म्हणायची ताकद जाते. आणि नाही म्हणता न येणाऱ्या सल्लागाराचा सल्ला कुचकामी असतो.

अशक्य वाटणारी मागणी कशी हाताळावी यासाठी त्याची संत्र्याच्या रसाची कसोटी प्रसिद्ध आहे. मोठ्या मेळाव्यासाठी हॉटेल निवडायचं आहे. तिथल्या व्यवस्थापकाला सांगायचं की सकाळी सात वाजता शेकडो माणसांना ताजा काढलेला संत्र्याचा रस हवा. काही हरकत नाही, असं जो म्हणतो तो बहुधा खोटं बोलतो आहे. जो अशक्य आहे म्हणतो तो मदत करायला तयार नाही. होईल, आणि त्याला इतका खर्च येईल, असं जो सांगतो त्याला काम द्यावं. सॉफ्टवेअरचा व्यवसाय आजही याच ठिकाणी अडखळतो. ग्राहकाला नाही म्हणायचं धाडस नसतं, म्हणून होकार दिला जातो आणि त्या होकाराची किंमत कनिष्ठ प्रोग्रॅमर रात्री जागून मोजतो. किंमत आधीच सांगणं हा ग्राहकाचा अपमान नाही. निर्णय त्याच्या हाती सोपवण्याचा तो प्रामाणिक मार्ग आहे.

एकाच माणसाला एकाच वेळी अनेक प्रकल्पांत गुंतवण्याच्या सवयीवरही त्यानं बोट ठेवलं. प्रत्येक वाढीव प्रकल्पागणिक सुमारे पाचवा हिस्सा वेळ एका कामातून दुसऱ्यात शिरण्यात वाया जातो, असा त्याचा ठोकताळा होता. हे आकडे पुढे मोजलेलं सत्य म्हणून जगभर सादरीकरणांत फिरले. ते अनुभवावरचे अंदाज आहेत, हे लक्षात ठेवून वापरले तरच त्यांचा उपयोग आहे. त्यांचा रोख मात्र खरा आहे, हे दिवसातून चार प्रकल्पांच्या बैठकांना बसणाऱ्या कुणालाही पटेल.

व्याख्यान न देणारा शिक्षक

वाइनबर्गचा आणखी एक नियम होता: जॅम जितका लांबवर पसरावा तितका पातळ होतो. विचार जितक्या अधिक लोकांपर्यंत न्यावा तितका त्याचा परिणाम विरळ होतो. पुस्तक हजारोंपर्यंत जातं, पण वाचणाऱ्याचं वागणं बदलेल याची खात्री नाही. म्हणून पुस्तकं लिहीत असतानाच त्यानं लहान गटांच्या निवासी कार्यशाळा कधी सोडल्या नाहीत. १९७०च्या दशकात सुरू झालेली ‘प्रॉब्लेम सॉल्व्हिंग लीडरशिप’ ही कार्यशाळा त्यांतली सर्वांत नावाजलेली.

या कार्यशाळेत फळ्यापुढचं व्याख्यान नावापुरतं असे. गटांना एखादं काम देत. एखादी वस्तू बनवायची, छोटा कारखाना चालवायचा, वेळ कमी, सूचना अपुऱ्या. काम सुरू झालं की खऱ्या कंपनीत होतं ते सगळं तिथे होई. कुणी न विचारता पुढारी बनतं, कुणी रुसतं, कुणाचं म्हणणं कुणी ऐकत नाही आणि नंतर तेच बरोबर ठरतं. काम संपल्यावर खरं शिक्षण सुरू होई. काय घडलं, कुणाला काय वाटलं, कुठे वेगळं वागता आलं असतं, यावर सगळे बोलत. ज्याला आपण शांत स्वभावाचे आहोत असं वाटत होतं त्याला आपण तणावाखाली कसे खेकसतो हे इतरांकडून कळे. असं ज्ञान पुस्तकातून मिळत नाही, हे चाळीस पुस्तकं लिहिणाऱ्या माणसानं ओळखलं होतं.

या शिकवण्याला व्हर्जिनिया सॅटिर या अमेरिकी कुटुंब-समुपदेशिकेचं मोठं ऋण आहे. तिचा जन्म १९१६चा, मृत्यू १९८८चा. दुभंगलेल्या कुटुंबांबरोबर काम करताना तिनं पाहिलं होतं की ताणाच्या वेळी माणसं ठरावीक पवित्रे घेतात. कुणी दुसऱ्यावर दोष ढकलतं, कुणी सगळा दोष स्वतःकडे घेऊन समोरच्याची मनधरणी करतं, कुणी भावना बाजूला सारून नुसते नियम आणि तर्क बोलतं, कुणी विषयच भलतीकडे नेतं. स्वतःचा, समोरच्याचा आणि परिस्थितीचा एकाच वेळी मान राखून बोलणं तिनं शिकवलं. वाइनबर्ग तिच्याकडे शिकला आणि ते सगळं त्यानं सॉफ्टवेअरच्या बैठकांत आणलं. मुदत हुकल्यावर भरलेल्या बैठकीत बसलेल्यांना हे चारही पवित्रे ओळखू येतील.

बदल कसा घडतो याचंही सॅटिरचं एक चित्र होतं. नवी गोष्ट आली की जुनी घडी विस्कटते, काही काळ गोंधळ माजतो, काम आधीपेक्षा वाईट होतं, मग एखादी कल्पना वाट दाखवते आणि सरावानं नवी घडी बसते. नवी पद्धत आणून महिन्याभरात ती फसली म्हणून सोडून देणाऱ्या कंपन्या बहुधा या गोंधळाच्या टप्प्यावरूनच मागे फिरतात. तो टप्पा येणारच, हे आधी माहीत असलं तर धीर टिकतो.

दगड वेचणारा लेखक

एवढी पुस्तकं एका माणसानं कशी लिहिली? त्याचं उत्तर त्यानं स्वतःच लेखनावरच्या पुस्तकात दिलं. शेतात सापडलेले ओबडधोबड दगड वेचून भिंत रचणाऱ्या गवंड्याचं उदाहरण त्यानं घेतलं आहे. एखादा प्रसंग, एखादं वाक्य, एखादी शंका मनाला भिडली की ती लगेच टिपून ठेवायची. ती कोणत्या पुस्तकात जाईल याची घाई नको. योग्य जागा दिसली की तो दगड बसवायचा. त्यामुळे त्याच्याकडे एका वेळी अनेक पुस्तकं चालू असत आणि कोऱ्या कागदापुढे अडून बसण्याची वेळ येत नसे. निवडीची कसोटी एकच: ज्याची स्वतःला आस्था नाही त्यावर लिहू नये.

या दगडांचा साठा सल्लागारीतून आणि वर्गातून येत होता. कंपनीत पाहिलेला पेच कार्यशाळेतला खेळ होई. खेळातून सुचलेलं पुस्तकात जाई. पुस्तक वाचून नवी कंपनी बोलावी. तीन पेशे एकमेकांना पुरवठा करत राहिले. जो फक्त सल्ला देतो त्याचं ज्ञान त्याच्याबरोबर संपतं, जो फक्त शिकवतो त्याची उदाहरणं शिळी होतात, जो फक्त लिहितो त्याचं म्हणणं तपासलं जात नाही. वाइनबर्गची कारकीर्द भरीव झाली ती या तिन्हींची सांगड त्यानं शेवटपर्यंत सुटू दिली नाही म्हणून.

डोनाल्ड गॉज याच्याबरोबर १९८२ साली लिहिलेलं ‘आर युवर लाइट्स ऑन?’ हे छोटं पुस्तक त्याच्या लेखनशैलीचा उत्तम नमुना आहे. जिनिव्हा सरोवराच्या वरच्या डोंगरातल्या बोगद्याची त्यात गोष्ट आहे. बोगद्यात शिरताना दिवे लावा, अशी पाटी होती. पलीकडे निसर्गदृश्य पाहायला लोक गाड्या थांबवत, दिवे बंद करायला विसरत आणि परत येईपर्यंत बॅटरी उतरलेली असे. दिवस असेल तर असं करा, रात्र असेल तर तसं करा, अशी सगळ्या शक्यतांची लांबलचक पाटी सुचवली गेली. शेवटी पुरली ती एकच ओळ: तुमचे दिवे चालू आहेत का? अडचण गाडीवाल्यांची होती. तिच्याकडे त्यांचं लक्ष वेधणं पुरेसं होतं, पुढचं ते पाहून घेणार होते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी वापरणाऱ्याच्या शहाणपणावर किती विश्वास ठेवावा, याचा हा धडा आहे.

काय टिकलं

वाइनबर्गच्या कामाला मर्यादा आहेत. त्याचे बरेच निष्कर्ष निरीक्षणांवर आणि लहान प्रयोगांवर उभे आहेत. आजच्या संशोधनाच्या कसोट्यांना ते जसेच्या तसे उतरणार नाहीत. पण स्वतःच्या लिखाणाशी तो जसा वागला ते पाहिलं की त्याच्यावरचा विश्वास वाढतो. १९९८ साली त्याच्या गाजलेल्या पुस्तकाची रौप्यमहोत्सवी आवृत्ती निघाली. त्यानं जुना मजकूर तसाच राहू दिला आणि प्रत्येक प्रकरणाला नवं टिपण जोडलं: कोणता विचार टिकला, कुठे आपला अंदाज चुकला, आज काय वेगळं लिहिलं असतं. इतरांना जे शिकवलं ते त्यानं स्वतःच्या पुस्तकाला लावलं.

टॉम डीमार्को आणि टिमथी लिस्टर यांचं ‘पीपलवेअर’ हे पुस्तक १९८७ साली आलं आणि माणसांचा हा विषय अधिक व्यापक झाला. सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांच्या एका पिढीनं वाइनबर्गला गुरू मानलं. ७ ऑगस्ट २०१८ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, त्याचं निधन झालं. त्यानं वापरलेली यंत्रं संग्रहालयात गेली आहेत आणि त्याच्या काळच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा आज फार थोड्यांना येतात. माणसांविषयी त्यानं लिहिलेलं मात्र कालबाह्य झालेलं नाही, कारण मुदत हुकल्यावर माणसं आजही तशीच वागतात.

आपल्याकडे दरवर्षी हजारो मुलं-मुली सॉफ्टवेअरच्या नोकरीत पाऊल ठेवतात. त्यांना भाषा, साधनं आणि मुलाखतीतले प्रश्न शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. आपलं काम दुसऱ्यापुढे ठेवायला, चूक ऐकून घ्यायला आणि खरी किंमत सांगून मग होकार द्यायला शिकवणारं फार कमी आहे. तुम्ही या क्षेत्रात असाल तर एवढं करा. या आठवड्यात लिहिलेला एखादा प्रोग्रॅम, अगदी ज्याची खात्री वाटते तोच, शेजारच्या सहकाऱ्याला वाचायला द्या. त्याला सापडलेल्या पहिल्या चुकीबद्दल त्याचे मनापासून आभार माना, आणि त्याचा प्रोग्रॅम तुम्ही तितक्याच आपुलकीनं वाचा.